वाजिब-उल-अर्ज

माझे अब्बा ट्रक चालवायचे. धानोरा, एटापल्ली, आलापल्लीच्या जंगलातून बांबू भरायचा आणि बल्लारपूरला आणून खाली करायचा, हे त्यांचे कित्येक वर्षांचे काम होते. ट्रक मालकाचा आणि माल दुसऱ्याचा. त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद असायचा. त्याला ते ‘टी. पी.’ म्हणत. मराठीत त्याला वाहतूक परवाना म्हणतात. नाका आला की ट्रक थांबवायचा, कागद दाखवायचा, शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचे. एकदा पावसात तो कागद भिजून त्यावरची अक्षरे पुसली गेली, तेव्हा नवी नक्कल येईपर्यंत अब्बा दोन दिवस एका नाक्यावर ट्रकखाली झोपले होते. घरी आल्यावर अम्मीला म्हणाले, “माल अपना नहीं, गाडी अपनी नहीं, कागज भी अपना नहीं. अपना तो बस स्टेअरिंग है.”

पुढे शाळेत उर्दू शायरी शिकताना परवाना म्हणजे शमेभोवती फिरणारा पतंग असेही कळले. पण आमच्या घरात परवाना म्हणजे पोट होते. त्या कागदावर कोणाचे नाव असते, हे मी अब्बांना कधी विचारले नाही. आज एवढे मात्र नक्की ठाऊक आहे की त्यावर एक नाव कधीच नसायचे. ज्या गावच्या जंगलातून तो बांबू तुटून आला, त्या गावाचे नाव मालक म्हणून त्यावर नसायचे. ते नाव त्या कागदावर कसे आले, याचा इतिहास मला इथे सांगायचा आहे. तो इतिहास गडचिरोलीच्या गोंडांचा आहे. पण मोहल्ल्यातल्या आपल्या माणसांनी तो वाचावा असे मला फार वाटते. का वाटते, ते शेवटी सांगते.

शब्द ओळखीचे, दार अनोळखी

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्यामुळे शब्दांची मुळे शोधायची मला खोड लागली आहे. तहसील, दाखला, अर्ज, नक्कल, हुकूम, कायदा, हक्क, वसूल, जमीन, मालगुजार हे सारे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. सरकारी कचेरीची मराठी आपल्या कानांना अनोळखी नाही. असे असूनही कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहिलेला चंद्रपूरचा भंगारवाला आणि धानोऱ्याचा गोंड शेतकरी या दोघांच्या चेहऱ्यावरची भीती सारखीच असते. शब्द ओळखीचा असला म्हणून दार ओळखीचे होत नाही.

या शब्दांत एक फार सुंदर शब्द आहे, वाजिब-उल-अर्ज. वाजिब म्हणजे योग्य, आवश्यक, करायलाच हवे असे. अर्ज म्हणजे मांडणे, निवेदन करणे. जे मांडणे योग्यच आहे ते वाजिब-उल-अर्ज. महसुलाच्या दप्तरात हा एका नोंदवहीचा प्रकार आहे. गावाच्या वहिवाटी, पाण्याचे, वाटेचे, मासेमारीचे हक्क त्यात लिहिले जात. तिच्याच जोडीला निस्तार पत्रक. निस्तार म्हणजे रोजच्या गरजा भागवणे. सरपण, गवत, गुरांची चराई, घराच्या डागडुजीला लागणारे लाकूड, टोपल्या-तट्ट्यांसाठी बांबू, हे सगळे निस्तारात येते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे दोन्ही शब्द आजही आहेत. म्हणजे गरिबाचे जंगलावर काही देणे लागते, हे राज्यव्यवस्थेला फार पूर्वीपासून ठाऊक होते. ते लिहूनही ठेवले होते. मग घोळ कुठे झाला?

जंगलाचा मालक कोण?

चांद्याचे गोंडराज्य १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. १८५४ मध्ये नागपूर संस्थान इंग्रजांनी खालसा केले. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. पाठोपाठ जंगलांचे कायदे आले. पहिला १८६५ चा, दुसरा १८७८ चा, आणि अजून ज्याचे नाव ऐकू येते तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम. या कायद्यांनी जंगलाला सरकारी मिळकत केले. मालगुजार आणि जमीनदारांच्या ताब्यातली जंगले तेवढी काही काळ वेगळी राहिली. तिथे गावकरी मालगुजाराची मर्जी राखून निस्तार करीत.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे आणि जमीनदारांचे हक्क संपले. त्यांची जंगले सरकारजमा झाली. शेतकऱ्याला त्यातून जमिनीचा हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट होती. पण जंगलाच्या बाबतीत गावाने फक्त धनी बदललेला पाहिला. निस्तार कागदावर राहिला, आणि जंगलात गेलेल्या माणसाला हा निस्तार की गुन्हा, हे समोरच्या पहारेकऱ्यावर अवलंबून राहिले.

१९४५ साली बल्लारपूरला कागद कारखान्याची स्थापना झाली. या कारखान्यावर आमच्यासारखी हजारो कुटुंबे जगली, हे विसरता येत नाही. मात्र कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दरात सरकारी जंगलातला बांबू मिळत असे, हेही नोंदवलेले आहे. जंगलालगतचा गोंड त्याच बांबूच्या तोडीवर मजूर म्हणून जाई. मजुरीचा दर त्याने ठरवलेला नसे, आणि बांबूची किंमत तर त्याला माहीतही नसे. तेंदूपानाचेही तसेच. १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या मक्तेदारीत आला. सरकार लिलाव करी, कंत्राटदार घेई, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बायामुले सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर नेऊन देत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल असलेला हा जिल्हा राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. इतकी संपत्ती दारात आणि घरात उपास, हे कोडे समजून घ्यायचे तर कागदावर कोणाचे नाव आहे, ते पाहावे लागते.

माझ्या पगारातले दोनशे रुपये

सरकारने गरिबांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. आपल्या महाराष्ट्राने तर एक असे काम केले की त्याचे नाव जगभर झाले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव भागात एक प्रयोग केला. काम मागेल त्याला काम, ही त्यामागची कल्पना होती. १९७२ च्या भीषण दुष्काळात तिने लाखो माणसे जगवली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य.

या योजनेला पैसा कुठून आला, हे आपल्यापैकी अनेक नोकरदारांना माहीत नसते. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. नोकरी लागली तेव्हा मी त्यावर कुरकुर केली होती. नंतर वाचले की १९७५ साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमीसाठीच. शहरातल्या नोकरदाराने थोडे द्यायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा तो हिशेब होता. तेव्हापासून मी त्या दोनशे रुपयांकडे वेगळ्या नजरेने पाहते.

पुढे २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो देशातल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला, आणि त्या पहिल्या यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही नावे होती. या योजनांनी माणसे उपाशी मरू दिली नाहीत. पण रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या आईची मुलगीही मोठी झाल्यावर खडीच फोडत असेल, तर ते कुटुंब तगले म्हणता येईल, वर आले म्हणता येणार नाही. तगायला मजुरी पुरते. वर यायला काहीतरी आपल्या मालकीचे लागते.

मेंढा (लेखा)

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा नावाचे गोंडांचे एक गाव आहे. लेखा या शेजारच्या गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती पाचशेच्या आसपास. शंभराच्या आत-बाहेर घरे. आपल्या मोहल्ल्यातल्या एका गल्लीएवढे हे गाव.

१९८० नंतर गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे होणार, जंगल आणि गावे बुडणार, अशी बातमी आली. तिच्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लाल श्याम शाह आणि बाबा आमटे त्यात होते. धरणे थांबली. आंदोलनातून घरी परतलेल्या मेंढ्याच्या माणसांनी मात्र स्वतःला पुढचा प्रश्न विचारला. धरणाने जंगल बुडू नये म्हणून आपण लढलो, पण ते जंगल आपले आहे का?

गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या प्रश्नातून जुळली. मोहनभाईंनी गावात योजना आणली नाही, पैसाही आणला नाही. त्यांनी अभ्यास गट सुरू केला. गावकरी एकत्र बसायचे, एक विषय घ्यायचे, कायदा काय म्हणतो ते वाचायचे, बाहेरून जाणकार बोलवायचे आणि चर्चा करायचे. निर्णय मात्र अभ्यास गट घेत नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर थांबायचे, पुन्हा बसायचे. गावातली दारू अशीच बंद झाली. बाया ग्रामसभेत बोलू लागल्या त्याही अशाच. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा देशभर गेली, पण तिच्यामागे कित्येक वर्षांचे असे बसणे आहे.

मग २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याचे पूर्ण नाव अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. जंगलात राहणाऱ्यांवर आजवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली या कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची यादी आहे, आणि त्या यादीत आपला जुना शब्द पुन्हा भेटतो, निस्तार. गौण वनोपजावर गावाची मालकी असेल असेही तेच कलम सांगते, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानाबरोबर बांबूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे.

मेंढ्याचा दावा तयारच होता, कारण वर्षानुवर्षे जंगलाच्या हद्दी, झाडे आणि वापर यांच्या नोंदी गावाने स्वतः ठेवल्या होत्या. २००९ मध्ये मेंढा आणि त्याच जिल्ह्यातले मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशातली ही पहिली गावे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगल आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कारभारात हक्काचा कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही, हे आपण सगळे जाणतो. गावाने बांबू विकायचे ठरवले तर वाहतूक परवाना मिळेना. वनखात्याचे म्हणणे असे की १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बांबू हे झाड आहे, तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि इमारती लाकडावर गावाचा हक्क नाही. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक बांबूला गवत म्हणते. नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. जुना कायदा झाड म्हणतो. एका व्याख्येपायी गावाचा बांबू गावातच अडकला. अब्बांच्या खिशातला तो कागद किती मोठा होता, हे मला ही हकीकत वाचताना पहिल्यांदा समजले.

ग्रामसभेने हा प्रश्न सोडला नाही. अर्ज, बैठका, पत्रव्यवहार आणि शांततेचा सत्याग्रह, सगळे झाले. अखेर मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपजच आहे, असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. परवाना देणारा आता गाव झाला. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामसभेच्या समितीने परवाना द्यावा हे सर्व देशासाठी लिहिले गेले. २०१७ मध्ये जंगलाबाहेर लावलेला बांबूही झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला.

पुस्तक हाती आल्यावर

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. कालपर्यंत तोडीचा मजूर असलेला माणूस आता विक्रेता होता. ग्रामसभेने निविदा काढल्या, बोली लावल्या, आणि तोडणाऱ्यांना पूर्वीपेक्षा चांगली मजुरी दिली. काही हंगामांतच बांबूची उलाढाल कोटीच्या घरात गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले. ग्रामसभेचे स्वतःचे बँक खाते होते, पॅन कार्ड निघाले, हिशेब सर्वांसमोर वाचला जाऊ लागला. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायची गावाची जुनी रीत होती. अडचणीतल्या घराला सावकाराच्या आधी हा कोष आठवतो. रोजगार हमीची कामेही ग्रामसभेने पुढे स्वतःच्या अंगावर घेतली. तळे कुठे खोदायचे, बांध कुठे घालायचे, हे गाव ठरवू लागले. जुनी योजना आणि नवा हक्क असे एकत्र आले, तेव्हा मजुरीचा पैसा गावच्या मालमत्तेत उतरला.

चंद्रपूर जिल्ह्यातही याची साक्ष आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पारोमिता गोस्वामी यांच्या एल्गार प्रतिष्ठानची त्यांना साथ होती. पाचगावने बांबूचा व्यवसाय हाती घेतला आणि तेंदूपान तोडायचे नाही, असा ठराव केला. पानासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आग लावली जाते, आणि टेंभरं खायला मिळत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. हाताशी आलेला पैसा नाकारण्याची ऐपत गरीब माणसाला तेव्हाच येते, जेव्हा दुसरी मिळकत त्याच्या स्वतःच्या ताब्यात असते. कामासाठी घरदार सोडून बाहेर जाणाऱ्या माणसांना तिथे गावातच काम मिळू लागले.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूही स्वतः विकतात. सगळीकडे आबादीआबाद आहे असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कंत्राटदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. करारातले बारीक अक्षर वाचणारा कोणी जवळ नव्हता, म्हणून फसगत झाली. काही गावांत हक्काचा कागद फ्रेम करून भिंतीवर लागला आणि कारभार दोन-चार जणांच्या हातात गेला. मेंढ्याकडे आधी अभ्यास होता, मग कागद आला. बऱ्याच गावांत कागद आधी आला आणि अभ्यास राहून गेला. सरकारने साथ द्यायची ती नेमकी इथे. हिशेब शिकवणारा, करार वाचून दाखवणारा, बाजारभाव सांगणारा माणूस गावापर्यंत पोचवणे, हे परवान्याचे पुस्तक देण्याइतकेच सरकारचे काम आहे.

पानाचे दुसरे टोक

आता आपल्या घराकडे वळते. गडचिरोलीच्या जंगलातले तेंदूपान शेवटी जाते कुठे? ते विडीच्या कारखान्यात जाते, आणि तिथून घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायांकडे. सोलापूरसारख्या शहरांत या बायांत तेलुगू पद्मशाली आहेत, तशा आपल्या मुसलमान बायाही मोठ्या संख्येने आहेत. जंगलात पान तोडणारी गोंड बाई आणि शहरात ते वळणारी आपली खाला, दोघी एकाच पानाच्या दोन टोकांना बसल्या आहेत आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

या दुसऱ्या टोकालाही कायदा आला होता. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा विडी कामगार कल्याण निधी. विडीवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती आणि घरांसाठी मदत मिळे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. नरसय्या आडम यांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला होता. पण या सर्व सोयींचे दार एकच होते, विडी कामगाराचे ओळखपत्र. ज्या बाईच्या नावाचे कार्ड निघाले ती आत, जी नवऱ्याच्या किंवा शेजारणीच्या नावावर विड्या देत राहिली ती बाहेर. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला.

२००५ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. ज्या वर्षी वनहक्क कायदा संमत झाला, त्याच वर्षी. २००१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता ६५ टक्क्यांच्या आसपास होती आणि मुसलमानांची ५९. बँकेचे कर्ज, सरकारी नोकरी, शाळेतली गळती, सगळ्याचे आकडे समितीने मांडले. आपण त्या अहवालावर खूप भाषणे ऐकली. त्यातून निघालेल्या योजनांचे अर्ज मात्र फार थोड्यांनी वाचले. २००८ पासून अल्पसंख्याक मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. पहिली ते पाचवीला वर्षाला हजार रुपये. रक्कम लहान, पण पंक्चर काढणाऱ्या बापाच्या घरात दप्तर आणि चपला त्यातून होत. २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ती बंद झाली. जी योजना होती तेव्हा आपण तिचा किती फायदा घेतला, हा प्रश्न मला सलतो.

कारण माझ्याच वर्गात एका वर्षी निम्मे अर्ज परत आले होते. कोणाच्या आधारवर ‘शेख’ आधी, शाळेच्या दाखल्यावर नंतर. कोणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. एका मुलीचे खाते उघडायला बाप तीनदा एका बँकेत गेला आणि रोजी बुडते म्हणून चौथ्यांदा गेलाच नाही. ती मुलगी आठवीनंतर शाळेत दिसली नाही. मी तेव्हा व्यवस्थेला दोष दिला, बापालाही दिला. नंतर मेंढ्याविषयी वाचत गेले तसे वाटू लागले की एक दोष माझाही होता. मी अर्ज भरून देत होते. अर्ज वाचायला शिकवत नव्हते.

पुढच्या वर्षापासून शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांना बसवायला सुरुवात केली. पहिल्या शनिवारी चार बाया आल्या. फळ्यावर अर्जातला एकेक शब्द लिहायचा, उर्दूत समजवायचा आणि प्रत्येकीने आपापली कागदपत्रे शेजारणीच्या कागदांशी ताडून पाहायची. नावातला फरक आधी तिथेच सापडायचा. ज्या बाईला नावातली दुरुस्ती कशी करायची हे कळले, ती दुसरीला तहसीलमध्ये घेऊन जायची. सहावा-सातवा शनिवार आला तेव्हा वर्ग भरला होता. त्या वर्षी दोनच अर्ज परत आले, आणि तेही त्या बायांनी स्वतः जाऊन पुन्हा दाखल केले. याला मी अभ्यास गट म्हणते. नाव मेंढ्याकडून उसने घेतले आहे.

काही मंडळी विचारतात, आदिवासींकडे जंगल आहे, आपल्याकडे काय आहे? चंद्रपूर जिल्ह्यात आपण चार टक्क्यांच्या आसपास, गडचिरोलीत दोन. जंगल नाही, शेती थोडी, धंदा हातगाडीचा किंवा गॅरेजचा. प्रश्न खरा आहे. पण मेंढ्याकडे १९८० मध्येही जंगल होते आणि दारिद्र्यही होते. मधल्या तीस वर्षांत जंगल वाढले नाही, गावाची समज वाढली, एकी वाढली आणि कागदावरचे नाव बदलले. आपल्याकडेही नाव लावण्यासारख्या गोष्टी आहेत. घराचा उतारा बाईच्या नावे आहे का? रेशनकार्डावर सगळ्यांची नावे आहेत का? बांधकामावर जाणाऱ्या भावाची कामगार मंडळात नोंदणी आहे का? हातगाडीवाल्याकडे फेरीवाल्याचे ओळखपत्र आहे का? जंगलालगतच्या गावात दुकान थाटून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आपले लोक त्या गावच्या ग्रामसभेला जातात का? गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक प्रौढ ग्रामसभेचा सभासद असतो, त्यात जात-धर्म आड येत नाही.

सरकारकडे मागताना आपली एक सवय आहे. आपण मेहेरबानी मागतो किंवा तक्रार करतो. वाजिब-उल-अर्ज हा शब्द तिसरी गोष्ट सांगतो. जे आपले आहे, ते नीट लिहून, पुराव्यासह, ताठ मानेने मांडायचे. मांडणे आपल्यावर वाजिब आहे, आणि ऐकणे त्यांच्यावर.

अब्बा आता थकले आहेत. मेंढ्याच्या परवाना पुस्तकाची हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, “मतलब कागज अब गाँव का?” मी हो म्हटले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “चालीस साल उसी रस्ते से गया. कभी पूछा नहीं, किसका बाँस है.”

आमचा गट आजही दर शनिवारी दुपारी बसतो. येताना सगळे कागद घेऊन या, असे आम्ही सांगतो. तुमच्या मोहल्ल्यातही एक खोली आणि एक फळा असेलच.